अडतीस ते चोपन्न

फरशीच्या कारखान्यात हवेतली धूळ मोजायचं काम ताईकडे होतं. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा, कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच दगड दळायच्या खात्यात होता.

धुळीची मर्यादा पन्नास. ताईने भावाच्या खात्यात नऊ दिवस मोजलं. सरासरी आली सेहेचाळीस. मॅनेजरची कळी खुलली.

"झालं की! चार आकड्यांनी पास."

"साहेब, ही नऊ दिवसांची सरासरी. वर्षभराची खरी सरासरी कोणी पाहिलीय? आकडे इतके वरखाली आहेत की ती अडतीसपासून चोपन्नपर्यंत कुठेही असेल. आणि असा पट्टा शंभरात पाचेक वेळा चुकतोच. अजून महिनाभर मोजू द्या, पट्टा अरुंद होईल."

"महिनाभर ते यंत्र मध्ये उभं राहिलं तर माणसं बिचकतील. सेहेचाळीस लिहा. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतं. तिथेच तर मेख होती. ताईने अहवालातली पट्ट्याची ओळ खोडली आणि सही ठोकली.

सुटल्यावर भावाने विचारलं, "काय गं, आमची हवा कशी?"

"मर्यादेत आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्याने मास्क खुंटीला टांगला. तसाही त्यात जीव गुदमरायचा.

चार वर्षांनी तो जिना चढताना धापा टाकू लागला. एक्सरेत फुप्फुसांवर डाग दिसले. मग ताईने कोणाला न विचारता साठ दिवस मोजलं. सरासरी चोपन्न, पट्टा एक्कावन्न ते सत्तावन्न. आता शंकेला फारशी जागाच नव्हती. तिने भावाला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुला तेव्हा माहीत होतं?"

"नक्की माहीत नव्हतं रे."

"नक्की माहीत नाही, हे तरी माहीत होतं ना? तेवढं सांगायला काय झालं होतं?"



ताईने दोन्ही अहवाल तपासणी कार्यालयात नेऊन दिले. चौकशी बसली. मॅनेजरने हात झटकले, "मला काय कळतं त्यातलं? सही त्यांची आहे." ताईला घरी बसवलं. मॅनेजर बढतीवर मोठ्या कारखान्यात गेला.

ते सांगायला ताई भावाकडे गेली. भावजयीने दार अर्धंच उघडलं.

"झोपलेत ते," ती म्हणाली.

आतून खोकल्याची ढास ऐकू येत होती. दोघींनी ती ऐकली. भावजयीने दार लावून घेतलं.