वावटळीच्या वाटेवरचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे. नाशिकजवळच्या एका झेंडूच्या मळ्यात, बांधाशी मुडपून पडलेला. मित्रांनो, जरा लवकर ऐका, वेळ फार थोडा आहे.

कारखान्यातून चकचकीत निघालो तो या मळ्याच्या मालकीण भागुबाईंच्या शेडवर चढलो. ऊन सोसलं, गारा सोसल्या. "लय गुणाचा हाय माझा पत्रा," त्या म्हणायच्या. मला शेडला धरून ठेवणारे आकडे गंजले तेव्हा त्यांनी माझ्यावर दगड ठेवले. त्या दगडांच्या आधारानेच मी तगलो.

मग शेजारची बाग तोडून कुणी खडी पसरली. तेव्हापासून उन्हाळ्यात भर दुपारी तिथे वावटळ उठू लागली.

"आपल्याच कडंला का रं उठती ही?" भागुबाईंनी लेकाला, अमोलला विचारलं.

"खडी तापती, आई. तापली हवा वर पळती, आपल्या ओल्या वाफ्यावरची गार हवा तिच्या जागी घुसती, अन् गरगर सुरू. अमेरिकेत तर घरं उडत्यात. तिकडं समुद्रावरची दमट हवा अन् डोंगराकडची कोरडी हवा सपाट मैदानात भिडती, वरचं-खालचं वारं निराळ्या दिशेनं पळतं. आपल्याकडं तसा मेळ क्वचित जमतो."

"मंग आपली बारकीच की!"

"पत्रा उचलाया तेवढी पुरती. दगड हलवू नको."

पण कुरडया वाळवायला तापल्या पत्र्यासारखी जागा नाही. गेल्या चैत्रात त्यांनी जागा करायला माझ्यावरचे दगड उतरवले. खाली झोळीत नात सृष्टी झोपलेली. वावटळ आली. मी एका गंजक्या आकड्याला लोंबकळलो. देवा, पोर उचलेपर्यंत तरी धर मला! भागुबाई धावल्या, पोर छातीशी घेतली, तोच आकडा तुटला. रिकामी झोळी फाडून मी इथे आदळलो. त्यांनी गडावरच्या देवीआईला नारळ फोडला. योग्यच केलं.

आज शेडवर नवा पत्रा आहे, उरलेल्या जुन्याच आकड्यांवर, वर तीन दगड ठेवून. अमोल ओझरला कामावर गेलाय. खाली सृष्टीची नवी झोळी हलते आहे. खडीवर धूळ गोल फिरू लागली आहे, आणि भागुबाई कुरडयांच्या चिकाचं पातेलं घेऊन शिडी चढल्या आहेत.

"आईनं मागं राखलं, औंदा नाय राखायची व्हय?"

राखील हो, बाई! पण राखायला तिने तो दगड तुमच्याच हाती दिलाय. मला तोंड नाही. मित्रांनो, तुम्हाला आहे. हाक मारा त्यांना!

एक दगड खाली आला. अजून दोन वर आहेत.