‘सर्वांना’ पाणी

“सविते, कुणाचं वाईट तोंडानं बोलू नये आन् हातानं लिहू नये.”

वडिलांचं, आबांचं, हे सांगणं सविताताईंनी व्रतासारखं धरलं होतं. नवऱ्याच्या पश्चात त्या माहेरीच असत, वरवंडच्या अलीकडच्या गावात. तुळशीला पाणी घालून पोथीचं पान वाचलं, की मोबाइल घेऊन बसायच्या. सगळ्यांनी मिळून लिहायचा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश; त्यात आपल्या गावाचा लेख नीट करायच्या. लेखात होतं, ‘बहात्तरच्या दुष्काळात सरपंच भिमाजी यांनी विहीर खोदून सर्वांना पाणी दिले.’ भिमाजी म्हणजे आबाच.

ख्रिस्ती आळीतल्या रॉबिननं पुढं जोडलं, ‘ख्रिस्ती आळीला मात्र सर्वांत शेवटी पाणी मिळे.’

ताईंनी ते काढलं. त्यानं पुन्हा घातलं, त्यांनी पुन्हा काढलं. चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘तटस्थ राहावे. संदर्भ नाही.’

‘आत्या, तुमच्या “सर्वांना”ला तरी कुठं आहे?’ रॉबिननं विचारलं.

दोन दिवस ताईंना घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्या रॉबिनच्या आजीकडं, दयाबाईंकडं गेल्या. म्हातारी खाटेला खिळलेली.

“ये, सरपंचाच्या लेकी! आज बी रांग मोडूनच आलीस व्हय?” ती हसली आणि खोकत राहिली. “तुझी कळशी पहिली भरायची. मी माझ्या योसेफला कडंवर घिऊन उनात उभी. आमची पाळी यायची तवा खाली निस्ता गाळ.”

“आबा देवमाणूस होते हो, मावशी.”

“व्हतेच की. माझ्या बाळंतपणाला त्यांनीच गाडी जुपून धाडली. त्ये बी लिही. वाईट कुणाचंच नको. आमी उभं व्हतो, येवढंच लिही.”

“लिहीन. पण छापलेलं काही लागतं.”

“शिरूरच्या चर्चच्या जुन्या स्मरणिकेत त्या रांगेचं छापलेलं हाय म्हणत्यात. मला कुठं वाचाया येतंय?”

पाचव्या दिवशी दयाबाई गेल्या. ताई मातीला जाऊन आल्या, न्हाल्या, आणि तो लेख उघडून बसल्या. किती गोड वाचत होता! कुणाला बोल नाही, कुणाची निंदा नाही. आणि उन्हात उभं राहिलेलं माणूसही कुठं नाही. ते त्यांच्याच हातानं गेलं होतं.

सकाळी त्यांनी तुळशीला पाणी घातलं. आबांच्या तसबिरीला हात जोडले. मग चष्मा, वही आणि उपासाचे चार खजूर पिशवीत टाकले, दार ओढून घेतलं आणि शिरूरची एसटी धरायला चौफुल्याच्या वाटेला लागल्या.