मुंगीचे कान

"शुभदाताई, मुंगी काढूनच टाकू या," निकेत खुर्ची गर्रकन फिरवत म्हणाला. "नुसता डबा आहे तो. चालवतंय कोण?"

"एकशे चार जण," शुभदा म्हणाली.

"मागच्या महिन्यात तीनशे होते!"

"म्हणून तर म्हणतेय, घाई नको."

मीरा रोडच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सहा माणसं मिळून 'नक्षत्रबंदर' हा ऑनलाइन खेळ चालवत. इंटरनेटवर जमायचं, आपलं जहाज घेऊन अंतराळात उतरायचं आणि ज्याला जे आवडेल ते करायचं. पाठलाग आवडणाऱ्यांसाठी चपळ 'ससाणा'. टोळीने लढणाऱ्यांसाठी जाड कातडीचा 'हत्ती'. आणि ज्यांना निवांत खाणी खोदून धातू विकायचा, त्यांच्यासाठी हळू चालणारी 'मुंगी'.

शुभदा पालव आधी नऊ वर्षं गोडदेवच्या बालवाडीत शिकवत होती. २००७ साली ती इथे आली ती खेळाडूंच्या तक्रारींना उत्तरं द्यायला. पण तक्रारी वाचता वाचता कुठल्या जहाजाला काय कमी पडतंय हे तिला खेळ बांधणाऱ्या निकेतच्या आधी कळू लागलं, आणि तिन्ही जहाजांचा तोल सांभाळायचं काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं.

आता वर्षभरातच तो तोल पार बिघडला होता. ससाणे खाणीच्या तोंडाशी दबा धरून बसत आणि मुंगी दिसली की फोडत. मुंगीवाले कंटाळून खेळ सोडून चालले होते.

"शनिवारपर्यंत बघा," निकेत म्हणाला. "नाही जमलं तर मुंगी बंद. धातू सरळ खेळातल्या दुकानात विकायला ठेवू."

शुभदाने बालवाडीतला उपाय काढला. पकडापकडीत लहानग्याला कच्चा लिंबू करतात. तो सगळ्यांबरोबर धावतो, पण त्याच्यावर कधी राज्य येत नाही. तसंच तिने मुंगीला केलं. मुंगीला गोळी लागणारच नाही! मंगळवारी एकही तक्रार आली नाही. शुभदाने खुशीत सगळ्यांना वडापाव खिलवले.

बुधवारी फोन वाजला.

"ओ बाय, मी स्टीवन, उत्तनवरून बोलतोय. माजी मुंगी बंद करा."

"का हो? आता तर कुणी मारत नाही ना तुम्हाला?"

"तेच तर! काल एक ससाणेवाला पोर मना बोलला, 'अंकल, आप आराम से खेलो, आपको कौन मारेगा?' मी काय कच्चा लिंबू हाय?"

शुभदा ओशाळली. हा शब्द तिने ऑफिसात कुणालाही सांगितला नव्हता.

"मग तुम्ही ससाणा का नाही घेत?"

"त्यो न्हाय जमत," स्टीवन म्हणाला.

गुरुवारी त्याचा पत्ता घेऊन, अर्ध्या दिवसाची रजा टाकून शुभदाने भाईंदरहून उत्तनची बस धरली. पन्नाशीचा, रापलेला स्टीवन दारातच उभा होता. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच बोटं होती. "बोटीवर दोर अडकला, दोराबरोबर बोटं गेली," छत्री कुठेतरी विसरलो असं सांगावं तसं त्याने सांगून टाकलं. मुलगी जॉय कुवेतला नर्स होती, तिने जाताना कॉम्प्युटर घरी ठेवला होता. ससाण्याला दोन्ही हात सराईत लागतात. मुंगी एका डाव्या हाताने चालते.

"दर्यानं जाली फाडली तवा मी बोंब मारली, बाय. पन दर्याला कवा बोललो न्हाय, की मना सोड."

"बोंब अजून मारतात," त्याची बायको मॅबेल चहा ठेवत म्हणाली. "सगल्या गल्लीला ऐकू जाते."

मूल अडलं की उत्तर सांगायचं नसतं, शेजारी बसायचं असतं, हे शुभदा बालवाडीत शिकली होती. तिने निकेतला फोन करून मुंगीचं कवच काढायला लावलं आणि स्टीवनच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. दहा मिनिटांत एक ससाणा आला आणि मुंगीचा चुराडा करून गेला. मग दुसरा. मग पहिलाच परत.

"बगा, कललंच न्हाय कवा आला," स्टीवन म्हणाला. "बोटीवर दुसऱ्याचं इंजिन आदी ऐकू येतं. काम थांबवायचं, कान द्यायचा."

शुभदाने चहाचा कप खाली ठेवला. "ऐकू आलं, तर पळाल?"

"पलन, न्हायतर मरन. पन मंग माज्या चुकीनं मरन!"

शुक्रवारी तिने मुंगी पुन्हा बांधली. वेग तोच, कातडी तीच पातळ. फक्त तिन्ही जहाजांत सगळ्यात लांबचं ऐकू येणार ते मुंगीला, आणि तेही खोदणं थांबवलं तरच.

"एवढंच?" निकेतने विचारलं.

"एवढंच."

ससाणेवाल्यांनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग इंजिन बंद करून, तरंगत, चोरपावलांनी यायला शिकले. हत्तीवाले तर मुंग्यांना मस्का लावू लागले: आमच्याबरोबर चला, तुम्ही ऐका, आम्ही लढतो. शनिवार आला आणि गेला, मुंगी बंद करायचा विषय कुणी काढला नाही. तीन आठवड्यांत मुंगीवाले दोनशेच्या वर गेले.

आणि एका दुपारी फोन वाजला.

"बाय! मेलो!"

"अरेरे! कसे काय?"

"ऐकला त्याला मी. चांगला ऐकला. पन धातू बक्कल लागलेला, बोललो अजून दोन मिनटं खोदू..." पुढचं हसण्यात बुडालं. मागून मॅबेलचा आवाज आला, "हावरा हाय, हावरा! सांगा त्याला!"

"कंप्लेंट आहे का?" निकेतने लांबूनच विचारलं.

शुभदाने फोनवर हात ठेवला. "नाही रे. मेलेत ते."

"मग एवढे हसतायत का?"

तिने पडद्यावर बंदर उघडलं. स्टीवनची नवी मुंगी, कोरी आणि रिकामी, हळूहळू बंदराबाहेर सरकत होती. थोडी पुढे गेली आणि थांबली. मोकळ्या काळोखात ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, कान देऊन.