अकरावा चषक

मी एक जुना कापडी फलक आहे, मित्रांनो. धुऊन धुऊन मऊ पडलो आहे आणि सध्या मस्कतच्या वादी कबीर भागात, एका कपाटात, जुन्या चादरींच्या खाली घडी होऊन पडलो आहे. फलक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लाकडाचं नाहीतर पत्र्याचं काहीतरी येत असेल. मी शिंप्याच्या दुकानात जन्मलो, म्हणून कापडाचा. स्पेनमधल्या रिअल माद्रिद या फुटबॉल क्लबचे पराक्रम माझ्या अंगावर टाचलेले आहेत. पराक्रम त्यांचे, मिरवलो मात्र मी. आणि एकदा चक्क खोटं मिरवलो. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म मस्कतमधल्याच हमरिया भागातला. तिथे एका गल्लीत ओमानी पुरुषांचे पायघोळ पांढरे दिशदाशा शिवणारं दुकान होतं. दुकानाचा मालक ओमानी, सगळे त्याला अर्बाब म्हणत. शिवणारा होता उत्तम, राजापूरकडचा, मितभाषी आणि हट्टी. वर्षानुवर्षं त्याने पांढऱ्या कापडाशिवाय दुसरं फारसं काही कापलं नव्हतं. एकदा समोरच्या चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर त्याला डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांतला संघ दिसला. खेळ त्याला ओ की ठो कळत नव्हता. तरी तो म्हणाला, "हे आपलेच गिऱ्हाईक दिसतायत." तेवढ्यावर त्याने त्या क्लबला जीव लावला, तो कायमचा.

मग तो क्लबचा इतिहास शिकला. शिंप्याच्या डोक्यात मापं बसतात तशी सालं बसली. युरोपचा सर्वांत मोठा चषक ह्या क्लबने सुरुवातीची सलग पाच वर्षं जिंकला होता, १९५६ ते १९६०. मग १९६६. नंतर बत्तीस वर्षांचा दुष्काळ. पुढे १९९८, २००० आणि २००२. नऊ झाले आणि गाडी अडली ती अडलीच. बारा वर्षं उत्तम दहाव्याची वाट बघत होता. २०१४ च्या मे महिन्यात लिस्बनला अंतिम सामना झाला. सामना हातातून गेल्यात जमा होता. त्र्याण्णवाव्या मिनिटाला बरोबरी झाली आणि जादा वेळेत चार-एक असा विजय! दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमने दिशदाशातून उरलेले पांढरे तुकडे जोडायला घेतले. असा मी झालो.

रुवीच्या बाजारातून आणलेल्या चंदेरी साटिनचे त्याने दोन मोठ्या कानांचे चषक कापले. एकेक चषक हातशिलाईने टाचला आणि खाली जांभळ्या दोऱ्याने साल घातलं. दहा चषक झाले. उत्तम दोन पावलं मागे सरकला, मान वाकडी करून बघत राहिला, आणि त्याने अकरावा चषक कापला.

मित्रांनो, तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण उत्तमच्या गावाकडे कुठलीही शुभ गोष्ट दहावर थांबवत नाहीत. मोदक एकवीस, सवाष्णी अकरा, आहेराचं पाकीट एकशे एकाचं. वरचा एक शकुनाचा. तो ठेवला की काम पुढे चालू राहतं. उत्तमने त्याच भावनेने अकरावा चषक टाचला. त्याच्याखाली साल तेवढं घातलं नाही.

दुकानात इस्त्री करणारा गुलजार बार्सिलोनाचा, म्हणजे रिअल माद्रिदच्या विरोधी क्लबचा, कट्टर पाठीराखा होता. त्याने मला भिंतीवर पाहिलं आणि इस्त्री बाजूला ठेवली.

"उत्तमभाई, दस हैं. ये ग्यारहवाँ किधर से आया?"

"वो शकुन का है."

"अरे, रेकॉर्ड में शकुन कैसा? जो जीता, वो जीता. बाकी खलास."

उत्तम हसला. बार्सिलोनावाला जळणारच, असं त्याने धरलं. मलाही तसंच वाटलं. नवा होतो, अंगावर साटिन चमकत होतं. त्या वर्षाच्या शेवटी क्लबने सलग बावीस सामने जिंकले, तेव्हा उत्तमची मान आणि माझी कड दोन्ही ताठ झाली. अर्बाबसुद्धा मला बघून "ज़ेन, ज़ेन", म्हणजे छान, छान, म्हणाला. मी अगदी हवेत होतो. चढलेल्याला पडण्याची आठवण कोण करून देणार?

वादी कबीरला राहणारे पुण्याचे राजीव आणि रेखा आपल्या मुलीचे, अंतराचे, शाळेचे कपडे उत्तमकडून उंचीला वाढवून घेत. अंतरा आठवीत होती. फुटबॉलशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, तिला आकडे आवडत. नवी दुमड शिवून होईपर्यंत ती स्टुलावर बसून माझ्यावरची सालं पाठ करायची. कोणी मला वाचतं आहे, ह्याचा मला केवढा अभिमान!

२०१५ च्या फेब्रुवारीत आंतरशालेय प्रश्नमंजुषा होती. अंतरा आणि तिचा वर्गमित्र निशांत, दोघांचा चमू. शेवटच्या प्रश्नावर बरोबरी झाली होती. प्रश्न आला की रिअल माद्रिदने युरोपचा हा चषक आजवर किती वेळा जिंकला आहे. निशांत हळूच म्हणाला, दहा. अंतराने त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं आणि मोठ्याने सांगितलं, अकरा.

हरले. निशांत त्या दिवसापासून तिच्याशी बोलेना. बालवर्गापासूनचे एका बाकावरचे दोघं, आता बसमध्येही लांब लांब बसू लागले.

हे मला कळलं ते अंतरा दुकानात आली तेव्हा. ती रडली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, हे राँग आहे. टेनच आहेत."

उत्तमच्या हातातली कात्री थांबली. "तो शकुनाचा होता गो बाय."

"मी चेकच नाही केलं. तुमचं मेजरमेंट कधी राँग नसतं ना, म्हणून." एवढं बोलून ती निघून गेली.

मित्रांनो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 'उत्तमचं माप' हा हमरियात दाखला होता. त्या मुलीने त्याच्या मापावर डोळे मिटून विश्वास टाकला आणि तोंडघशी पडली. मला तर भिंतीत शिरावंसं वाटलं. अंगावर खोटं असताना मी किती दिमाखात डुललो होतो!

दुपारच्या जेवणाला उत्तम उठला नाही. त्याने मला खाली काढलं, मांडीवर घेतलं आणि अकरावा चषक एकेक टाका करून उसवला. साटिन सुटलं. सुईची बारीक भोकं राहिली.

आता शिंप्याच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाचं कापड कापताना बिघडलं, तर निरोप पाठवायचा नाही. बिघडलेलं कापड हातात घ्यायचं आणि आपल्या पायांनी गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. उत्तमने ही रीत वीस वर्षांत दोनदाच पाळली होती, कारण दोनदाच त्याची कात्री चुकली होती. शुक्रवारी त्याने स्वच्छ शर्ट घातला, मला बगलेत मारलं आणि टॅक्सी करून वादी कबीर गाठलं.

राजीव दार उघडून गोंधळलेच. "अहो उत्तम, त्यात एवढं काय? शाळेचं क्विझच तर होतं. या, चहा घ्या."

"चहा नंतर, साहेब. माझ्याकडनं बिघडलं ते आधी दाखवतो."

त्याने मला दिवाणावर पसरलं. अंतरा दारातच उभी होती. उत्तमने तिला भोकं दाखवली. "माझी चूक आहे, बाय. जे झालंच नव्हतं ते मी टाचलं. जीव लावला म्हणून टाचलं, पण खोटं ते खोटंच."

"पण काका, मी निशांतला सगळ्यांसमोर शट अप म्हटलं. तुमच्यामुळे."

 उत्तमला खाली मान घालून 'होय' म्हणणं सोपं होतं. सगळं आपल्या अंगावर घेतलं असतं तर मुलगी तिथेच खूश झाली असती. पण तो हट्टी माणूस म्हणाला, "अकरा माझे. 'शट अप' माझं नाय गो. तेवढं माप तुझं तुलाच द्यायला लागेल."

अंतराचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि दार लागलं. चहा तसाच निवला. परतताना टॅक्सीत उत्तम मला घट्ट धरून बसला होता. आपण फार बोललो, असं त्याला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. अंतराचे कपडे आले नाहीत. रेखाताईंनी ते दुसरीकडे दिले, असं गुलजारने कुठूनसं ऐकलं. दुकानाचं दार वाजलं की उत्तमची मान वर व्हायची. त्या वर्षी क्लबही उपांत्य फेरीत हरला. मी भिंतीवर दहा चषक आणि एक मोकळी जागा घेऊन लटकत होतो. इस्त्रीच्या वाफेने पिवळट झालो, धूळ बसली. माझ्याकडे बघायचं उत्तम टाळायचा. निर्जीवाला वाईट वाटत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मग २०१६ चा मे उजाडला. मिलानला अंतिम सामना झाला, पेनल्टीपर्यंत ताणला गेला आणि रिअल माद्रिद जिंकला. अकरावा! या वेळी अगदी खराखुरा. दुसऱ्या दिवशी उत्तमने साटिन आणून ठेवलं, पण कात्री लावेना. गुलजार म्हणाला, "अब तो जीत गए भाई, लगाओ!" उत्तम म्हणाला, "लगाता हूँ." आणि पुन्हा दिशदाशा शिवायला बसला.

संध्याकाळी दार वाजलं. अंतरा आत आली. तिच्या मागे, मान खाली घालून, एक उंच मुलगा.

"काका, हा निशांत." ती अडखळली. "मी त्याला सॉरी म्हणायला वन इयर लावलं."

"सव्वा वर्ष," उत्तम म्हणाला. त्याच्या मापात कधी फरक पडायचा नाही. मग त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "पण तुझं माप दिलंस ना. पुष्कळ झालं, बाय."

निशांत म्हणाला, "अंकल, माझी पण मिस्टेक होती. टेन आहे हे मला माहीत होतं, पण मी लाऊडली बोललोच नाही."

गुलजार इस्त्री सोडून पुढे आला. उत्तमने त्याच दिवशी नियम केला की विरोधी क्लबाच्या माणसाने मोजून 'हो' म्हटल्याशिवाय माझ्यावर एक टाका पडायचा नाही. गुलजारने बोट ठेवून मोजलं, तोंड वाकडं केलं आणि कबूल केलं, "ग्यारह. मजबूरी है."

उत्तमने चषक टाचला. जुन्या भोकांवर मात्र टाचला नाही, त्यांच्या पुढे टाचला. अंतरा म्हणाली, "काका, मध्ये गॅप दिसेल ना!" उत्तम म्हणाला, "दिसू दे. नवीन गिऱ्हाईक विचारील, तेव्हा मला सांगायला लागेल. त्या भीतीने तरी हात सरळ राहील."

पुढच्या वर्षी कार्डिफला बारावा झाला. २०१८ ला कीव्हला तेरावा, तोही सलग तिसरा. तेव्हा रमजान चालू होता आणि ईदचे दिशदाशा दुकानात छतापर्यंत रचले होते. ईद झाली की उत्तम कायमचा गावी जाणार होता. त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. म्हणून तेरावा चषक अंतराने टाचला. निशांतने दोरा ओवून दिला, गुलजारने कुरकुरत मोजणी केली. चषकाचा एक कान वर, एक खाली झाला. अंतराने विचारलं, "उसवून परत करू का?" उत्तमने लांबूनच बघितलं. "वाकडा आहे, पण जिंकलेला आहे. राहू दे." निघताना त्याने मला तिच्या हातात दिलं.

२०१९ साली अंतरा पुण्याला शिकायला गेली. रेखाताईंनी मला चादरींबरोबर ठेवलं. वर्षभर ऊन पाहिलं नाही, आणि घडीही नेमकी चषकांवरून पडली आहे, त्यामुळे साटिन तडकू लागलं आहे. मित्रांनो, घरातली अशी जुनी कापडं अधूनमधून उघडा, उन्हात धरा, घडी बदला. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याचं यश सांगताना त्यात पदरचं काही घालू नका. त्याला त्याची गरज नसते, आणि कोणीतरी तुमच्या शब्दावर उभं असतं. चुकलंच तर आपल्या पायांनी जा.

माझ्यावर तेरा चषक आहेत. पण मी सांगतो म्हणून मानू नका. मोजून बघा.