डफचा बुधवार

मला त्या कुत्र्याचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या पोटात नेमकं कशामुळे दुखतं हे कुणाला शोधत बसायला नको. अर्धं आयुष्य मी या गावच्या पोरांना वाचायला शिकवलं. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी डोरीन, टपालवाला, रविवारी चर्चमध्ये उभं राहून ठसक्यात बायबल वाचणारी मंडळी, सगळी माझ्या खुर्चीशेजारी उभी राहून शब्द लावायला शिकली. आणि आता एक काळा, केसाळ, लाळगळका प्राणी दर बुधवारी येतो, गालिच्यावर पसरतो आणि पोरं मला विसरतात.

त्याचं नाव डफ. आमच्याकडे मनुके घालून कापडात बांधून उकडतात, त्या पुडिंगवरून ठेवलेलं. दिसतोही तसाच. आमच्या बेटाचंच नाव असलेल्या जातीचा आहे, त्यामुळे त्याच्याविषयी वाकडं बोलायची सोय नाही, गाव अंगावर येतं. मालक क्लेम बगडन. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. फेरीबोटीवरून निवृत्त झाला, दिवसभर घरात बसून बायकोला नकोसा झाला, मग कुत्र्याला घेऊन शाळेत यायला लागला. मुलांनी कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवायची आणि कुत्र्याने ऐकायची, अशी ती योजना. मुख्याध्यापकांना फार आवडली. डफने त्यासाठी परीक्षासुद्धा दिली आहे. अंगावर लाल जाकीट असतं आणि जाकिटाला फोटोचं ओळखपत्र. मला या शाळेने आजवर ओळखपत्र दिलेलं नाही.

आमच्याकडे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत भरते, कारण दोन्ही मिळून पोरं नऊच. सोमवारी गोल करून बसायचं आणि सुट्टीतल्या बातम्या सांगायच्या. कुणाच्या बापाने थोराड मूस हरणाची शिकार केली, कुणाच्या आजीने शेजारणीशी बोलणं टाकलं, सगळं कळतं मला. मंगळवारी नवे शब्द भिंतीवर चढतात. गुरुवारी गाणी, शुक्रवारी शब्दांची परीक्षा आणि घरून एखादी वस्तू आणून तिच्याबद्दल चार वाक्यं बोलायची. बुधवार पूर्वी माझा असायचा. बुधवारी मी गोष्ट वाचायचे, म्हातारीचा आवाज वेगळा, लांडग्याचा वेगळा, आणि पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची. आता मंगळवारीच विचारतात, "मिस, उद्या डफ येणार ना?" उद्या मी येणार का, हे कुणी विचारत नाही.

नोव्हेंबरात मी त्यांना शाळेतलं आपलं आवडतं माणूस काढायला सांगितलं. माणूस, असं स्पष्ट सांगितलं होतं. नऊपैकी सात कागदांवर काळा गोळा आणि खाली चार पाय. आठव्यावर स्वयंपाकघरातल्या बाई, कारण त्या जास्तीची बिस्किटं देतात. नवव्यावर मी होते. मला भरून आलं. मग नीट पाहिलं तर माझ्या हातात पाण्याचं भांडं होतं आणि शेजारी डफ पाणी पीत होता. तरी मी सगळी चित्रं भिंतीवर लावली. शिक्षकाला चेहरा हसरा ठेवावा लागतो.

हे सगळं मी गिळलं असतं. पण डेलाचं मला गिळता येईना.

डेला कीपिंग पहिलीतली. अंगणात बघावं तर तोंडाचा पट्टा सुरू असतो, बर्फाचे गोळे करून मोठ्या पोरांना पिटाळते. पण पुस्तक उघडून माझ्या शेजारी उभी राहिली की ओठ घट्ट. सप्टेंबरपासून तिने मला एक शब्द वाचून दाखवला नव्हता. मी चुचकारलं, चिकटचित्रं दिली, शेवटी हात टेकले. आणि एका बुधवारी क्लेम दारात टोपी झटकत म्हणाला, "बर्निस, अगं ती कीपिंगांची पोर काय घडाघडा वाचते गं! सबंध पुस्तक वाचलं आज."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? डफला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "डफ काय म्हणाला मग? बरं वाचते?"

"जळतेस होय गं तू?" क्लेम हसत सुटला. "अगं, कुत्रा आहे तो!"

तेच तर दुखत होतं. एखादी दुसरी शिक्षिका असती तर मी समजू शकले असते. तिच्या पद्धतीत खोट काढता आली असती, तिचे कपडे तरी नावं ठेवण्यासारखे निघाले असते. या कुत्र्याची पद्धत काय, तर झोपणं.

डिसेंबरात जिल्ह्याच्या कचेरीतून ट्रास्कबाईंचा फोन आला. कुठल्या शाळेतलं कोणतं मूल वाचनात मागे आहे, ते त्या बघतात. "डेला कीपिंगच्या नावापुढे तुम्ही काहीच भरलेलं नाही, मिसेस पार्डी."

"वाचते ती," मी म्हटलं.

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"मी नाही."

"मग कुणी ऐकलं?"

मी सांगितलं. "कुत्र्याने ऐकलं, असं मी लिहू शकत नाही हो," त्या म्हणाल्या. आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून जास्तच लागलं. शुक्रवारपर्यंत मी स्वतःच्या कानांनी ऐकून तसं लिहून दिलं तर ठीक. नाहीतर जानेवारीपासून डेलाने रोज सकाळी बसने पलीकडच्या मोठ्या गावात खास वर्गाला जायचं. घाटातला रस्ता, हिवाळ्याचे दिवस. बर्फ पडला की बस दुपारपर्यंत तिकडेच अडकते. आणि ज्या पोरीला वाचता येतं, तिला वाचता न येणाऱ्यांत नेऊन बसवायचं, ते का? तर तिला मी आवडत नाही म्हणून. मला तरी त्याचा अर्थ तोच दिसत होता.

सोमवारी मी माझ्या खुर्चीवर नवऱ्याच्या जुन्या कोटाचं फरचं अस्तर अंथरलं. मऊ लागेल, पोरं जवळ येतील, असा माझा हिशोब. कॉलम नावाचा दुसरीतला पोरगा नाक धरून म्हणाला, "मिस, तुमच्या खुर्चीला डांबरगोळ्यांचा वास येतोय." मंगळवारी मी डेलाला घरी केलेली काकवीची बिस्किटं दिली आणि पुस्तक पुढे सरकवलं. तिने बिस्किटं खाल्ली. हात पुसले. पुस्तक बंद करून माझ्याकडे परत सरकवलं, अगदी अदबीने.

"नको वाचायला?"

"उद्या वाचेन," ती म्हणाली. उद्या बुधवार होता.

बुधवारी दुपारी बाकीची पोरं सभागृहात खेळायला जातात आणि एकेक जण वाचायला वर्गात येतो. खोलीत क्लेम, कुत्रा आणि वाचणारं मूल. डेलाचं कळल्यापासून मीही टेबलाशी वह्या तपासत असते, म्हणजे तपासत नसते, कान लावून बसलेली असते. इतर पोरं माझ्यासमोर खुशाल वाचतात. डेलाची पाळी आली की ती आधी माझ्याकडे बघते, मग डफच्या कानात तोंड घालून इतकं हळू वाचते की मला फक्त पान उलटल्याचा आवाज येतो. म्हणून त्या दिवशी तिची पाळी यायच्या आत मी तिला बाहेर गाठलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती, ती पायरीवर बसून बुटातला बर्फ काढत होती. मी खाली बसले आणि तिच्या बुटाला हात घातला.

"डेला, डफला का वाचून दाखवतेस गं?" मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"तो मध्ये बोलत नाही."

"मी मध्ये बोलते?"

"तुम्ही शाब्बास म्हणता."

"शाब्बास वाईट असतं का, राणी?"

तिने बूट उलटा करून आपटला. "शाब्बास म्हटलं की तुम्ही लगेच अवघड पुस्तक आणता." जरा विचार करून तिने पुढचंही सांगून टाकलं. "आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. मी चुकायच्या आधीच तुम्हाला कळतं. तुमच्या भुवया अशा होतात." तिने करून दाखवल्या. हुबेहूब माझ्या भुवया होत्या त्या.

मला राग आला. कशाचा, ते सांगता येणार नाही, पण आला. याच भुवयांनी मी गाव शिकवलं होतं. तिच्या बापालासुद्धा मीच शिकवलं होतं, आणि तो काही कुत्र्याच्या गळ्यात पडला नव्हता. मी तिचा बूट चढवला, नाडी जरा जास्तच घट्ट बांधली आणि आत गेले.

क्लेम नेहमीच्या छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन शब्दकोडं सोडवत बसला होता. डफ गालिच्यावर आडवा. मी टेबलाकडे निघाले आणि मध्येच थांबले. टेबलाशी बसून काय होणार, ते मला माहीत होतं. शुक्रवारच्या आत दुसरा बुधवार नव्हता. मग मी चष्मा काढला, स्वेटर खाली ओढला आणि गालिच्यावर कुत्र्याशेजारी आडवी झाले.

"बर्निस!" क्लेम खुर्चीतून अर्धा उठला. "काय होतंय तुला? कुणाला बोलावू का?"

"पाठ धरली आहे," मी म्हटलं. "पडू दे जरा. आणि तू तोंड उघडलंस तर याद राख."

"अगं पण..."

"कोडं सोडव, क्लेम."

ओल्या कुत्र्याचा वास काय असतो, ते मला इतक्या जवळून तेव्हाच कळलं. त्याचं पोट माझ्या खांद्याला लागून वर-खाली होत होतं. त्याने एक डोळा उघडून मला पाहिलं, जागा द्यावी तसा जरा सरकला आणि पुन्हा झोपला. इतकंसुद्धा सौजन्य मी त्याला कधी दाखवलं नव्हतं. तरी तो मला आवडला नाही.

दार वाजलं. डेलाची पावलं आली आणि दाराशीच थबकली. मी डोळे घट्ट मिटले.

"मिसना काय झालं?"

"झोपल्यात," क्लेम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कामाला आला. "तू वाच बाळा."

ती माझ्या चेहऱ्यावर वाकल्याचं मला श्वासावरून कळलं. माझ्या भुवया तपासत असावी. मी त्या ढिल्या सोडल्या. मला वाटलं त्यापेक्षा ते फार कठीण निघालं. मग ती पलीकडच्या बाजूला जाऊन डफला टेकून बसली, पुस्तक उघडल्याचा आवाज आला, आणि कानात पुटपुटणं नाही, चांगल्या मोकळ्या आवाजात ती वाचायला लागली.

होडीत चढलेल्या बकरीची गोष्ट होती. मी ती शेकडो वेळा ऐकली आहे, पोरं अडखळतात त्या जागा मला पाठ आहेत. डेला अडखळली नाही. बकरी होडीत चढली, तिने दोर खाल्ला, होडी किनाऱ्यापासून सुटली. मग एका ठिकाणी तिने चुकीचा शब्द वाचला, आणि माझी जीभ टाळूला लागली. सांगायचं एवढंच होतं, एक शब्द फक्त. मी गालिच्याचे धागे मुठीत धरले. ती पुढे दोन ओळी वाचत गेली, थांबली, म्हणाली, "थांब हं डफ, हे बरोबर नाही लागत," आणि मागे जाऊन तिने तो शब्द स्वतःच नीट केला. डफ नुसता पडून होता. मीही पडून होते, आणि मला कळलं की इतका वेळ मी आजवर कुठल्याच पोरासाठी थांबले नव्हते.

ऐकलं मी. स्वतःच्या कानांनी ऐकलं, ट्रास्कबाईंना हवं तसं. डेला कुठेही जाणार नव्हती, घाट नाही, बस नाही. मी सुखाने उठून बसायला हरकत नव्हती. पण सुख कुठलं? ती बकरी जितकी लांब गेली, तितका माझा जळफळाट वाढला. तो आवाज माझ्यासाठी नव्हताच. होडी लाटेवर उचलली गेली तिथे तिने आवाज वर नेला, अगदी मी नेते तसा, म्हणजे माझ्याकडूनच उचलला होता. आणि तो नेऊन वाहिला कुणाच्या पायाशी, तर त्याच्या. तिचा हात त्याच्या कानावरून फिरत होता, मला सगळं जाणवत होतं. मी इतक्या जवळ होते की तो हात सहज माझ्या केसांवरून फिरला असता.

तेवढ्यात डफला जाग आली. त्याने मान उचलली, माझ्याकडे वळला आणि ती ओली, रुंद जीभ माझ्या कानापासून हनुवटीपर्यंत एकदा ओढली. मी हललेसुद्धा नाही. त्याने दुसऱ्यांदा जीभ काढली.

"डफ, नको!" डेला घाईघाईने कुजबुजली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी ओढून आपल्या मांडीवर घेतलं. "मिसना उठवू नकोस. उठल्या की शिकवायला लागतील."

क्लेमच्या खुर्चीतून दाबलेल्या हसण्याचा आवाज आला. माझ्या गालावरून लाळ कानात उतरत होती आणि मला ती पुसता येत नव्हती. डेला पुढे वाचत नव्हती, मी खरंच झोपले आहे की नाही याचा अंदाज घेत होती. तेव्हा मी घोरायला लागले, आणि तिने पान उलटलं.