शेतकऱ्यातला जादाचा 'ए'

कानामागून आली अन् तिखट झाली, असं दयानंदला सृष्टीबद्दल वाटायचं, आणि वाटायचं म्हणजे काय, उठता-बसता वाटायचं. नांदेडच्या त्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून कोड लिहून राहिला होता तो. ही लातूरची पोरगी दिवाळीनंतर आली, आणि शिवशंकर सर चहा पितानासुद्धा तिलाच विचारायला लागले, "सृष्टी, तुला काय वाटतं?" सृष्टीला काय वाटतं! दयानंदला काय वाटतं हे विचारायला मात्र कुणाला सवड न्हवती.

त्यात सर लातूरला नवं ऑफिस टाकत होते. तिथला प्रमुख कोण, एवढंच ठरायचं होतं. दयानंदनं ते मनात कधीच ठरवलं होतं, आणि त्याच्या आईनं, तारामतीबाईनं, कंधारात गल्लीभर सांगूनही टाकलं होतं.

अशात केळीवाल्यांचं ॲप बिघडलं. अर्धापूरकडचे शेतकरी त्यावर आपल्या बागा नोंदवायचे, व्यापारी तिथूनच माल बघायचे. सकाळपासून फोनवर फोन. शेतकऱ्याचं नाव दिसतंय, गाव दिसतंय, अन् खाली बागांच्या जागी कोरं! डेटाबेसमध्ये बागा शाबूत होत्या, फक्त नावामागं जोडून येत न्हवत्या. बरं, सर्व्हरनं एरर तरी द्यावी? तेही न्हाई. गुमान बसला होता.

बाग नोंदवायचं अन् दाखवायचं, दोन्ही पानं सृष्टीनं नुकतीच नव्यानं लिहिली होती. सर म्हणाले, "चार वाजता हणमंतराव येऊन राहिलेत. त्याच्या आत झालं पाहिजे." हणमंतराव म्हणजे केळीवाल्यांचे पुढारी, ॲपचं काम त्यांनीच दिलेलं.

दयानंदनं हळूच तिचा कोड उघडला आणि त्याला हसूच फुटलं. बाग कोणाची हे ज्या रकान्यावरून कळायचं, त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत 'शेतकरी'. दयानंदनं सुरुवातीला ते लिहिलं होतं 'टी'ला लागून 'के' असं. या बाईनं मधे एक 'ए' घुसडला होता! नाव जुळंना म्हणून बाग येईना. संपला विषय.

सांगितलं का त्यानं? छे! "दादा, तुम्हाला काही दिसलं का?" असं ती विचारायला आली, तर "न्हाई बा, तुझं तूच बघ," म्हणून हा चहाला गेला. ती दिवसभर मान खाली घालून टाइप करत होती, डबासुद्धा उघडला न्हाई तिनं. आपण ऐनवेळी सरांसमोर एका मिनिटात दुरुस्त करायचं, मग बघू सर कुणाला काय विचारतात ते. मनातल्या मनात मांडे खाऊन त्याचं पोट भरलं होतं.

चार वाजता हणमंतराव आले. सृष्टी म्हणाली, "सर, अजून दहा मिनिटं द्या."

"दहा कशाला?" दयानंद उठला. "सरक जरा, मी बघतो." त्यानं तिचा 'ए' खोडला आणि कोड चढवला. सकाळपासून फोन करणाऱ्यांत देविदास म्हणून एक शेतकरी होता, हणमंतरावांनी मोबाईलवर त्याचं नाव काढलं. आल्या की बागा! सरांनी पाठ थोपटली. दयानंदनं सृष्टीकडं असं बघितलं, की बघायलाच नको.

मग हणमंतरावांनी चष्मा चढवून स्वतःचं नाव उघडलं. "आरं, माझी बाग कुठं गेली? सकाळी तर दिसून राहिली होती!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"सर, त्या 'ए'चं मला दुपारीच कळलं होतं," सृष्टी म्हणाली. "पण जुन्या बागा दादांच्या स्पेलिंगनं साठवल्यात, अन् नव्या माझ्या स्पेलिंगनं. नुसता कोड बदलला की एकाच्या येतात, दुसऱ्याच्या जातात. म्हणून सगळ्या नोंदीच एका स्पेलिंगवर आणायचं लिहून राहिले होते." तिनं उरलेलं काम संपवलं, कळ दाबली. देविदासच्या बागा होत्या तिथंच राहिल्या, हणमंतरावांची परत आली.

"लातूरचं सृष्टी बघंल," सर जाता जाता म्हणाले. एवढंच.

दयानंद जळून खाक झाला. सगळे गेल्यावर त्यानं कोड उघडला. आता तिनं आपला 'ए' सगळीकडं मिरवला असणार, त्याचं लिहिलेलं पुसून टाकलं असणार, याची त्याला खात्रीच होती, आणि खरं सांगायचं तर तेच बघायची त्याला घाई झाली होती. बघतो तर 'टी'ला लागून 'के'.

सृष्टी पर्स उचलत होती. "तुझं का न्हाई ठेवलं?" त्यानं विचारलं.

"तुमचं आधीचं होतं ना, दादा," ती म्हणाली. "अन् चूक माझी होती."

ती गेली. तिनं स्वतःचं ठेवलं असतं, तर तिच्यावर जळण्यात जन्म काढला असता त्यानं. मेलीनं तेवढीही सोय ठेवली न्हाई.