दोनदा केलेली वजाबाकी

आमच्या धम्मानंद सरांना कोणी "तुम्ही नेमकं करता काय?" असं विचारलं की मला धडकी भरायची, कारण ते खरंच सांगायला बसत. विचारणारा तोंडदेखलं विचारतो, आणि सर अर्ध्या तासात त्याला ताऱ्याच्या पोटात नेऊन सोडत. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. गेल्या वर्षी ते कॉलेजातून निवृत्त झाले, तरी रोज डिपार्टमेंटला येत आणि माझी पीएचडी पुढे रेटत. त्यामुळे त्यांचं उत्तर मला तोंडपाठ आहे. थोडक्यात सांगते.

ताऱ्याचा प्रकाश फोडला की त्यात काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांवरून तारा किती तापलेला आहे, त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण किती आणि त्यात लोखंड किती, हे आकडे काढतात. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणी लाखो ताऱ्यांचं हे काम संगणकाकडून करून घेतात आणि ते आकडे सगळ्या जगाला फुकट देतात. गोम अशी, की थंड आणि फुगलेल्या ताऱ्यांपाशी संगणक गडबडतो. तो लोखंड जास्त सांगतो. हे कळतं कसं? काही तारे एकाच ढगातून एकत्र जन्मलेले असतात, त्यांच्यात लोखंड सारखंच असायला हवं. तिथेही थंड ताऱ्यांत जास्त दिसलं, तर ती चूक संगणकाची. ती मोजायची आणि बाकीच्या ताऱ्यांतूनही वजा करायची. हे वजा करण्याचं गणित सरांनी फार वर्षांपूर्वी बसवलं होतं. आमच्याकडे त्याला "सरांची दुरुस्ती" म्हणत. नवे आकडे आले की आधी सरांची दुरुस्ती लावायची, मग चहा, असा डिपार्टमेंटचा शिरस्ता होता.

लोखंड जितकं कमी तितका तारा जुना, असा ढोबळ हिशोब आहे. मागच्या वर्षी नव्या आकड्यांना दुरुस्ती लावली आणि काही ताऱ्यांत लोखंड जवळजवळ नाहीच, असं निघालं. म्हणजे हे तारे विश्वातल्या अगदी पहिल्या पिढ्यांतले. आमचा शोधनिबंध छापून आला. पेपरात सरांचा फोटो आला, वर मथळा "इंदोऱ्याच्या सुपुत्राने शोधले आदिम तारे".

सर खरंच इंदोऱ्याचे, म्हणजे नागपुरातल्या त्या वस्तीतले. तिथल्या अभ्यासिकेत तलाठी, पोलीस भरती, रेल्वे अशा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली दिवसभर बसलेली असतात. सर दर रविवारी त्यांना गणित आणि विज्ञान शिकवत, तेही घसा कोरडा होईपर्यंत. "मी सांगतो म्हणून मानू नका गा," हे त्यांचं पालुपद. "स्वतः करून पहा." त्या मुलांनी आपल्याकडून एखादी खोटी गोष्ट खरी म्हणून नेली असती, तर सरांनी त्याला पापच म्हटलं असतं, पण पापावर त्यांचा विश्वास नव्हता.

वस्तीने सरांचा सत्कार ठरवला. भर मे महिना, डिपार्टमेंटच्या कूलरमधून वाऱ्याऐवजी नुसता आवाज येत होता. सर म्हणाले, "मयुरा, एक सोपं चित्र काढून दे वं. दुरुस्तीच्या आधी कसं दिसते, नंतर कसं दिसते. पोट्ट्यांले समजलं पाहिजे."

मी एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचे आकडे घेतले आणि आधीचं चित्र काढलं. त्यात थंड ताऱ्यांकडे लोखंड वाढत जाऊन रेघ तिरपी यायला हवी होती. आली सपाट. मला वाटलं, सवयीने दुरुस्ती लावून बसले. लावली नव्हती. पुन्हा काढलं, पुन्हा सपाट. मग मी त्या आकड्यांसोबत येणारी माहिती वाचायला घेतली, जी मिक्सरच्या खोक्यातल्या सूचनांइतकीच कोणी वाचत नाही. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की या खेपेपासून आम्ही चूक स्वतःच वजा करून देतो आहोत आणि कच्चे आकडे वेगळ्या रकान्यात ठेवले आहेत. म्हणजे वाण्याने डब्याचं वजन वजा करूनच तूप मोजलं होतं, आणि आम्ही घरी येऊन ते पुन्हा वजा करून तूप कमी भरल्याची बोंब ठोकली होती. सर, मी, निबंध तपासणारे परदेशी पंडित, कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

एकदाच वजा केल्यावर आमच्या आदिम ताऱ्यांत लोखंड तितकंच निघालं, जितकं आकाशातल्या हजारो ताऱ्यांत असतं. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तो कोणावर काढायचा तेही कळेना.

सर आले, चष्मा पुसून ते चित्र पाहत बसले. मग स्वतः सगळं पुन्हा चालवून पाहिलं.

"मी काहून नाही पाहिलं?" ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

निबंधाचं काम सोपं निघालं. त्याच दुपारी आम्ही संपादकांना चूक कळवली, निबंध मागे घ्यायची विनंती केली, आणि त्यांचं दोन ओळींचं कोरडं आभारपत्र आलं. जगाचं समाधान झालं. राहिला इंदोरा.

सरांनी संघपालला फोन लावला. हा सत्कार ठरवणाऱ्या वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष, सरांचाच जुना विद्यार्थी. मी समोरच होते, आणि संघपालचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो.

"जय भीम संघपाल. ते सत्काराचं रद्द कर. तो शोध चुकला आमचा."

"सर, तुमचा हाच साधेपणा आम्हाले आवडते."

"साधेपणा नाही गा. तारे जुने नाहीत. चूक झाली, सांगून राहिलो ना."

"सर, पेंडॉलवाल्याले सांगून झालं. शाल आली. उमरेडहून पाहुणे येऊन राहिले. तुम्ही फक्त या."

सरांच्या घरी सिंधूताई, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "जा आन् माईकवरूनच सांगा. मग तं ऐकतीन." ते सरांना पटलं. मलाही पटलं. आम्हा दोघांची अक्कल त्या दिवशी सारखीच चालत होती.

सत्काराला मांडव भरून माणसं होती. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळं झालं. सर माईकसमोर उभे राहिले आणि एकही जड शब्द न वापरता सांगितलं: जी चूक आधीच वजा झाली होती, ती आम्ही पुन्हा वजा केली. त्यामुळे लोखंड कमी दिसलं. ते तारे आदिम नाहीत. आमच्या ताऱ्यांत आणि इतर ताऱ्यांत लोखंड सारखंच आहे. मी तुमची माफी मागतो.

समोरच्या माना हलल्या. मला वाटलं, पोचलं एकदाचं. तेवढ्यात संघपालने माईक घेतला.

"ऐकलं? सर काय म्हणाले? कोणता तारा मोठा नाही, कोणता लहान नाही. सगळ्यांतलं लोखंड सारखं! बाबासाहेबांनी आपल्याले हेच सांगितलं. आज विज्ञानानं सिद्ध केलं!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. मागच्या बाया उठून उभ्या राहिल्या. सरांनी हात वर करून काही म्हणायचा प्रयत्न केला, तो लोकांना अभिवादन वाटला, आणि टाळ्या वाढल्या. मी पहिल्या रांगेत बसून हे पाहत होते आणि मला संघपालचा संताप येत होता. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं, आणि डोळ्यांतल्या खऱ्या पाण्याशी भांडायचं कसं ते मला येत नाही. शेवटी सर खुर्चीत बसले आणि शालीची घडी करत राहिले.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "मोठ्या माणसांचं सोड. पोट्ट्यांले मी नीट समजावतो. रविवारी तू पण ये."

रविवारी अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी फळ्यावर तिरपी रेघ काढली, सपाट रेघ काढली, एकदा वजा केलं, दोनदा वजा केलं. मुलांनी प्रश्न विचारले, चांगले विचारले. एकाने तर तोच प्रश्न विचारला जो परदेशी पंडितांनी विचारायला हवा होता: रकाना बदलला ते आकडे बघून आधीच लक्षात यायला नको होतं का? सर खूश झाले. किती दिवसांनी मी त्यांना मनापासून हसताना पाहत होते. त्यांचं ओझं उतरलं असं मला वाटलं, आणि मीही खुर्चीला टेकून बसले.

मग रितिकाने हात वर केला. ही तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी, वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. तिच्या हातात चालू घडामोडींचं पातळसं पुस्तक होतं, सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळतं तसलं.

"सर, तुमचं सगळं समजलं. पण यात तो प्रश्न आला आहे. आदिम ताऱ्यांचा शोध कोणत्या शहरातल्या शास्त्रज्ञाने लावला? नागपूर, पुणे, बंगळुरू, यापैकी नाही."

"मग? आता तुले माहीत आहे ना."

"माहीत आहे. शोधच नाही लागला, म्हणून 'यापैकी नाही'. पण आन्सर की मधी नागपूरच राहीन. पेपर काढणारे याच्यातूनच उचलतात." ती जराही आगाऊपणाने बोलत नव्हती. "मागच्या वेळी मी एका मार्कानं राहिली सर. बाबा आता फॉर्म भरू देऊन नाही राहिले, हे शेवटचं म्हणाले. पेपरात आला तं काय लिहू?"

सगळा वर्ग सरांकडे बघत होता. सरांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ते फळ्याकडे वळले, सपाट रेघेकडे पाहिलं, पुन्हा मुलांकडे वळले. माझ्याकडेही त्यांनी पाहिलं. माझ्याकडे काय असणार होतं? आकडे बरोबर करून देणं एवढंच मला येतं, आणि ते मी केलं होतं.

"नागपूर लिहा," सर म्हणाले.

रितिकाने मान हलवली. बाकीच्यांनीही वह्या उघडल्या आणि खाली मान घालून ते लिहून घेतलं.